नावाची पाटी तिसऱ्या वर्षी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्षाविसर्जन नदीत न करता शेतात किंवा बांधावर केले आणि त्या जागी गेलेल्या माणसाच्या नावाने झाड लावले, अशा बातम्या सीमाभागातल्या वर्तमानपत्रांत आता वरचेवर वाचायला मिळतात. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा या नद्यांची उन्हाळ्यातली अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा बदल मनापासून पटेल. आम्हालाही पटतो. पण बातमीतले ते रोप दुसऱ्या उन्हाळ्यात कसे आहे, हे बघायला पुन्हा कोणी जात नाही. रोपे वाढवणे आणि लावलेली झाडे जगवणे हेच काम असल्याने आम्हाला ते बघावे लागते. बरीचशी रोपे तोवर गेलेली असतात. घरातले माणूस जाऊन वर्ष होत नाही तोच त्याच्या नावाचे झाडही वाळले, की घरचे लोक त्याचा फार वेगळा अर्थ लावून घेतात. कुणी बोलून दाखवत नाही, पण ‘आपल्या हातालाच यश नाही’ ही गोष्ट मनात रुतून बसते. खरे कारण बहुतेक वेळा अगदी साधे असते. खड्डा उथळ, मुळांभोवतीची पिशवी तशीच राहिलेली, राख जास्त झालेली, नाहीतर दिवाळीनंतर पाणी थांबलेले. ही चार कारणे टाळता आली तर एका घराचे दुसरे दुःख टळते, म्हणून हे पत्र लिहीत आहोत. सध्या वळवाचे दिवस आहेत, मृगाआधी खड्डे काढायला अजून वेळ आहे.

पत्राचे दुसरे कारण रस्त्याचे आहे. बेळगावहून खानापूरकडे निघाले की दोन्ही बाजूंना आंबा, वड, चिंच, जांभूळ अशी जुनी झाडे होती. महामार्ग रुंद झाला आणि ती गेली. गाव सोडून गेलेल्या माणसाला गावाची आठवण येते हे समजू शकते. इथे माणूस जागेवरच आहे आणि त्याच्या भोवतालचे गाव निघून गेले आहे. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक ग्लेन आल्ब्रेक्ट यांनी कोळशाच्या उघड्या खाणींनी उकरलेल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांचे हेच दुःख पाहिले आणि त्याला ‘सोलास्टॅल्जिया’ हे नाव दिले. आपल्याकडे त्याला शब्द नाही, पण त्या रस्त्याने रोज बसने ये-जा करणाऱ्या कुठल्याही वयस्क माणसाला विचारा, अमुक वळणावरचा आंबा कसा होता हे तो हाताने आकार दाखवून सांगेल. घरातले माणूस आणि रस्त्यावरचे झाड यांची तुलना आम्ही करत नाही. मात्र एकाच्या नावाने लावलेले रोप दुसऱ्याच्या बियांचे असू शकते, हे आम्हाला सुचवायचे आहे.

सांत्वनाला येणारे लोक ‘निसर्गात जा, मन रमवा’ असे सांगून जातात. त्या दिवसांत मन कशातच रमत नाही. पण हाताला ठरलेल्या दिवशी करायचे ठरलेले काम असले, तर दिवस सरकतो. आपल्या मृत्यूनंतरच्या विधींची रचना तशीच आहे. तिसरा दिवस, दहावा, बारावा, तेरावा, मग दर महिन्याचे मासिक, मग वर्षश्राद्ध. ही तिथ्यांची माळ रोपाच्या देखभालीला जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. रोपाला पहिले तीन-चार आठवडे रोज एकदा डोळ्याखालून घालावे लागते, पुढे वर्षभर महिन्यातून एकदा तरी नीट तपासावे लागते आणि वर्षाने त्याची माती नव्याने भरावी लागते. आम्ही लोकांना वेगळी वही ठेवायला सांगत नाही. मासिकाच्या तिथीला रोपाची उंची वीत-बोटांत मोजायची, आळ्यातले तण काढायचे, आधाराची सुतळी सैल करायची, एवढेच पुरते.

पहिली चूक तिसऱ्या दिवशीच होते, म्हणजे राखेची. एका दहनाला साधारण तीन-चार क्विंटल लाकूड लागते. त्याची राख आणि अस्थींची भुकटी मिळून चांगले घमेलेभर होते आणि भावनेच्या भरात ती सगळी एकाच खड्ड्यात ओतली जाते. लाकडाची राख तीव्र अल्कधर्मी असते आणि तिच्यात क्षार भरपूर असतात. कोवळ्या मुळांची टोके त्यात भाजतात, क्षारांमुळे मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि लोह व जस्त मातीत असूनही रोपाला मिळत नाही. मग पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि दोन महिन्यांत रोप मरते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तितक्याच खोल खड्ड्याला राख दोन ओंजळीपेक्षा जास्त नको, आणि तीही खड्ड्याच्या सगळ्या मातीत कालवलेली हवी. उरलेली राख गुंठाभर शेतात मुठीने फेकावी आणि वरून कुळव मारावा. तिथे ती खताचे काम करते. खानापूर, जांबोटी, लोंढा या भागातली तांबडी जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी असल्याने एवढी राख तिला सोसते, किंबहुना बरी पडते. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गच्या काळ्या मातीत मात्र चुना आधीच जास्त असतो. तिथे खड्ड्यात विधीपुरती चिमूटभरच राख घालून नमस्कार करावा आणि बाकीची शेतात पसरावी. अस्थींचे तुकडे खड्ड्याच्या कडेला खोल ठेवले तर त्यांनी काही बिघडत नाही.

त्याच दिवशी होणारी आणखी एक गोष्ट. नैवेद्य रोपाच्या बुंध्याशी ठेवला जातो. रात्री कुत्री येतात, माती उकरतात आणि रोप उपटून बाजूला पडते. नैवेद्य दहा-पंधरा पावले लांब, दगडावर ठेवावा. हारातल्या तारा, दोरे, थर्माकोल खड्ड्यात जाऊ देऊ नये.

ज्या घरांत दफनाची पद्धत आहे, लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती, तिथे राखेचा प्रश्न येत नाही, पण मुळांचा येतो. वड-पिंपळ थडग्याजवळ लावले तर वीस-पंचवीस वर्षांत ते बांधकाम उचलतात. अशा जागी बेल किंवा पांढरा चाफा बरा. चाफ्याची हातभर फांदी तोडून आठवडाभर सावलीत ठेवावी, चीक सुकला की लावावी. ओल्या चिकासकट लावली की कुजते.

आता सगळ्यात अवघड भाग. मरण पावसाळा बघून येत नाही. पौषात माणूस गेले आणि तेराव्याला झाड लावले, तर ते रोप सरळ पाच महिन्यांच्या उन्हात उभे राहते. पाणी हाताशी नसेल तर ते जगत नाही. आमचे स्पष्ट मत असे, की कार्तिक ते वैशाख या काळात जमिनीत रोप लावू नये. त्याऐवजी त्या महिन्यात पिकणारे बी घरी पिशवीत लावावे आणि मृगाला ते रोप जमिनीत न्यावे, लहान राहिले तर पुढच्या मृगाला. प्रत्येक महिन्याचे आपले एक बी असते. मार्गशीर्ष-पौषात आवळा आणि बेहडा मिळतो, माघापर्यंत हिरडा. फाल्गुन-चैत्रात ऐन, करंज आणि चिंच. वैशाखाच्या अखेरीपासून जांभूळ, फणस, रातांबा, आणि आषाढाच्या तोंडावर कडुनिंब. गेलेल्या माणसाच्या महिन्याचे झाड ही कल्पना लोकांना चटकन आवडते, आणि सोयीचीही आहे.

बी निवडताना एक लक्षात ठेवावे, काही बिया वाट बघतात आणि काही बघत नाहीत. चिंचेचे बी वर्षभर डब्यात राहते. लावण्याआधी त्यावर उकळून थोडे निवलेले पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवले की झाले. करंजाचे बी एक दिवस भिजवले तर दोन आठवड्यांत वर येते. जांभळाचे बी मात्र गर धुऊन दहा-बारा दिवसांत लावायलाच हवे, वाळले की मेले. एका जांभळाच्या बीतून दोन-तीन कोंब येतात, त्यातला जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीने कापावेत, उपटू नयेत, कारण मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. कडुनिंबाचेही तसेच, निंबोळी पिवळी पडून गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत. फणसाची आठळी तर सुकू न देता दोन-चार दिवसांत लावलेली बरी. आवळ्याची फळे उन्हात वाळवली की कवच फुटून आतले बारीक बी बाहेर येते. हिरड्याला धीर लागतो, गर कुजवून काढला तरी काही बिया महिन्याने उगवतात, काही त्याहून उशिरा आणि काही उगवतच नाहीत. म्हणून हिरड्याच्या वीस-पंचवीस बिया एकदम टाकाव्यात.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे. पिशवी जमिनीवर तशीच ठेवली की सोटमूळ तळाच्या भोकातून खाली जमिनीत शिरते. बाहेरून रोप झकास दिसते, पण लावायला उचलताना ते मूळ तुटते आणि रोप चार दिवसांत मान टाकते. पिशव्या महिन्या-दीड महिन्याने जागेवरून हलवाव्यात. घरी एकाच झाडाच्या बियांची तीन रोपे तरी असू द्यावीत. एक जमिनीत जाईल, एक त्याच्याजवळ, आणि एक पिशवीत राखीव राहील. राखीव रोपाचे महत्त्व पुढे सांगतो.

कोणते झाड लावायचे हे आधी जमीन आणि पाऊस ठरवतात, आवड नंतर. एकाच बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला छत्रीचा उपयोग होणार नाही असा पाऊस पडतो आणि अथणीला वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर. रातांबा, सुरंगी, नाणा ही खानापूरच्या पश्चिमेची झाडे अथणीत लावून पाणी घालत राहणे म्हणजे रोपाचा छळ आहे. तिकडे कडुनिंब, चिंच, बोर, बेल, हिवर. बेळगाव आणि आसपास जांभूळ, करंज, ताम्हण, आंबा, फणस उत्तम येतात. ओढ्याच्या आणि नदीच्या काठाला अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोणते काठ तुटले आणि कोणते टिकले हे ज्यांनी पाहिले, त्यांना या मुळांची ताकद वेगळी सांगायला नको. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया आठवणीसाठी लावू नयेत. त्यांच्यावर पक्ष्याला खायला वड-जांभळासारखी रसाळ फळे नसतात.

खड्डा दोन फुटी घनाचा, जांभ्याचा कातळ लागत असेल तर आंबा-फणसाला तीन फुटी. वरची वीतभर सुपीक माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला काढावी. पंधरा दिवस खड्डा उन्हात तापू द्यावा. भरताना तळाला पालापाचोळा, मग वरची माती, त्यात कुजलेले शेणखत दोन बुट्ट्या आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड पावशेर. ताजे शेण घातले तर ते कुजताना तापते, मुळे भाजतात आणि वाळवी आमंत्रण दिल्यासारखी येते. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडच्या भाताच्या चिकण जमिनीत खड्डा पावसात भांड्यासारखा भरतो आणि रोप बुडून मरते. तिथे बांधावर फूटभर उंचवटा करून त्यावर लावावे.

लावणी मृग चांगला बरसल्यावर, आर्द्रा ते पुष्य या नक्षत्रांत उरकावी. तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्याचे पाऊस रोपाला बूड धरायला लावतात. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढावी. हे सांगायची वेळ येते याचेच वाईट वाटते, पण वाळलेले रोप उपटून पाहिले की काळी पिशवी तशीच निघते, हे फार वेळा घडते. तळाशी मुळांचे वेटोळे असेल तर ते कात्रीने कापावे, नाहीतर ते मूळ पुढे बुंध्यालाच फास लावते आणि आठ-दहा वर्षांचे झाड वाऱ्यात आडवे होते. रोप पिशवीत जितके मातीत होते तितकेच जमिनीत बसावे. आधाराची काठी वाऱ्याच्या दिशेला रोवून सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधावी.

लावल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी बरीच रोपे पाने टाकतात. इथे घरचे लोक खचतात. कुणीतरी म्हणते, ‘गेले ते,’ आणि रोप उपटले जाते. उपटू नका. बुंध्याच्या वरच्या भागात अंगठ्याच्या नखाने साल जरा खरवडा. आत तपकिरी कोरडे दिसले तर चार बोटे खाली पुन्हा खरवडा. तिथेही कोरडे असेल तर आणखी खाली, अगदी मातीजवळ. कुठेतरी ओलसर, पोपटी हिरवा ठिपका दिसला, की रोप जिवंत आहे. त्याच्या वरचा वाळका भाग धारदार कात्रीने तिरका कापावा, पाणी नेहमीसारखे चालू ठेवावे, जास्त घालू नये. महिन्याभरात त्या हिरव्याच्या आसपास मोहरीएवढा लालसर डोळा फुगतो. ज्या घरात काही महिन्यांपूर्वी प्रेत उचलले गेले, तिथल्या बाईला हा डोळा दाखवताना तिच्या चेहऱ्यावर काय होते, ते लिहून सांगता येत नाही. म्हणून आम्ही नखाची ही परीक्षा स्वतः करत नाही, घरच्यांकडूनच करून घेतो.

पाण्याचा हिशेब असा. पहिल्या वर्षी दिवाळीपासून आठवड्याला एक घागर, म्हणजे दहा-पंधरा लिटर. महाशिवरात्रीनंतर जांभ्याच्या आणि मुरमाड जमिनीत आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षी दहा दिवसांनी वीस लिटर, तिसऱ्या वर्षी पंधरा-वीस दिवसांनी. रोज तांब्याभर पाणी घालणे सगळ्यात वाईट, कारण मुळे वरच्या ओलाव्यापाशीच घुटमळतात, खाली जात नाहीत, आणि एका आठवड्याच्या गैरहजेरीत झाड मरते. आळ्यात भाताचे पिंजर किंवा उसाचे पाचट तीन-चार बोटे जाड पसरावे, बुंध्यापासून मात्र वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते.

आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचा कुंभ दान देण्याची रीत आहे. वैशाखातला तो दिवस रोपाच्या दृष्टीनेही वर्षातला सर्वात तहानलेला काळ असतो. एक कुंभ ब्राह्मणाला द्यावा आणि एक झाडापाशी पुरावा, अशी आमची विनंती आहे. आठ-दहा लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके रोपापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरायचे. घेताना त्यात पाणी भरून अर्धा दिवस कोरड्या फरशीवर ठेवावे. बाहेरून घाम आल्यासारखे ओले झाले तर ते झिरपणारे आहे, नाहीतर परत द्यावे. काळ्या मातीत नुसत्या झिरपण्यावर भागते, जांभ्याच्या मातीत तळाला लहान भोक पाडून सुती वात घालावी. चार-पाच दिवसांनी भरावे, वर झाकण ठेवावे म्हणजे डास होत नाहीत. वर्षाने काढून घासावे, क्षारांनी छिद्रे बुजतात. दुसऱ्या वर्षी मडके आणखी अर्धा फूट लांब सरकवावे, कारण मुळे तोवर पुढे गेलेली असतात. मडके भरायला जाणे हे वयस्क माणसांचे काम करावे. वाकणे कमी, चालणे बेताचे, आणि जाण्याचे निमित्त पक्के.

गुरांपासून रोप राखायला बोरी-बाभळीची फेसाटी, म्हणजे काटेरी फांद्यांची कुंपणी, लोखंडी जाळीपेक्षा बरी, स्वस्त असते आणि साल घासत नाही. डोंगरउताराच्या जागी वणव्याचा धोका फेब्रुवारीपासून असतो. पौषातच भोवतीचे गवत आठ-दहा फूट रुंदीत कापून जमीन मोकळी करावी. विजेच्या तारांखाली काहीही लावू नये, दरवर्षी शेंडा छाटला जाईल आणि दरवर्षी जीव तुटेल. गायरान किंवा रस्त्याकडेच्या जागेसाठी ग्रामपंचायतीचे लेखी पत्र आधी घ्यावे. शहरात बुंध्याभोवती तीन बाय तीन फूट जमीन फरशीविना उघडी राहील अशीच जागा निवडावी.

वडाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण रस्त्यावरून सर्वात जास्त जिव्हाळ्याचे तेच गेले. वटपौर्णिमेला वड जवळ नाही म्हणून बाजारातून फांदी आणून पुजणाऱ्या घरांची संख्या वाढली आहे. त्या फांद्यांसाठी उरलेले वडही ओरबाडले जातात. पण ज्येष्ठातली ती तिथी वडाच्या फांदीला मुळे फुटण्याचीही ऐन वेळ आहे. बाजारातली कोवळी शेंड्याची फांदी लावून उपयोग नाही, ती कुजते. अंगठ्याएवढी जाड, दीड-दोन फूट लांब, चार-पाच डोळे असलेली फांदी घ्यावी, पाने काढून टाकावीत, रात्रभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा आणि निम्मी पिशवीत पुरावी. थेट जमिनीत लावायची तर मनगटाएवढी जाड, सहा-आठ फुटी मेढ घ्यावी, दोन फूट गाडावी आणि वरच्या कापाला शेणाचा लेप द्यावा. रस्त्यासाठी वड पडतो तेव्हा अशा शेकडो मेढी लाकडाच्या ढिगात जळणाला जातात. त्या दिवशी गावातली चार माणसे कोयता घेऊन हजर हवीत.

श्राद्धातल्या कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय वड-पिंपळाचे बी रुजतच नाही, असे फिरत असते. ते खरे नाही. पक्ष्याच्या पोटातून गेल्याने रुजवण सुधारते हे बरोबर, पण साळुंकी, तांबट, धनेश, वटवाघूळ असे कितीतरी जीव ते काम करतात. हातानेही जमते. पिकलेली फळे कुस्करून वाळवावीत, विटांचा चुरा आणि पानांची माती यांच्या पसरट कुंडीत वरच्या वर भुरभुरावीत, मातीने झाकू नयेत, पाणी खालच्या ताटलीतून द्यावे. दोन-चार आठवड्यांत हिरवी मोहरी पसरल्यासारखी रोपे दिसतात. कावळ्याला घास जरूर ठेवावा, तो आपल्या श्रद्धेचा भाग आहे, त्याला खोट्या विज्ञानाचा आधार लागत नाही.

आंब्याचे गणित वेगळे. रस्त्याकडेच्या जुन्या रायवळ आंब्याची कोय लावली तर झाड येईल, पण चव तीच येईल याची खात्री नाही. तीच चव हवी असेल तर झाड पडण्याआधी डोळकाडी, म्हणजे कलमाची काडी, घ्यायला हवी. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची शेंड्याची काडी निवडून तिची पाने देठ ठेवून आठ-दहा दिवस आधी छाटायची, म्हणजे डोळा फुगतो. ती ज्यावर बसवायची तो खुंट म्हणून कोयीपासून उगवलेले, तांबूस पानांचे, दहा-पंधरा दिवसांचे रोप. त्याला मधोमध दीड-दोन इंच चीर द्यायची, काडीला तेवढीच पाचर करायची, बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. काळ आषाढ-श्रावणाचा. झाड अचानक पडले असेल तर त्याच दिवशी काड्या कापून ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळाव्यात, दोन-तीन दिवस टिकतात. उन्हात दुचाकीला लटकवून आणलेल्या काड्या घरी पोहोचेपर्यंत मेलेल्या असतात. दहा कलमांतले दोन लागले तरी ते झाड पूर्णपणे गेले असे म्हणता येत नाही.

आता राखीव रोपाचे. सगळे नीट करूनही काही रोपे मरतात. म्हणून एका रोपावर एका माणसाचे नाव टाकू नये. शेजारी शेजारी दोन लावावीत आणि तिसरे पिशवीत वाढवत ठेवावे. जमिनीतले गेले तर तेच बी, त्याच दिवशीचे, पुन्हा लावता येते. कर्नाटक राज्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेतही शेतकऱ्याला पैसे मिळतात ते पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी जगलेल्या रोपांवर, लावलेल्या खड्ड्यांवर नाही. खात्याने जो हिशेब लावला आहे, तोच घरांनीही लावावा, असे आम्हाला वाटते. तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे काढल्यावर बुंधा मनगटाएवढा होतो आणि मुळे स्वतःचे पाणी शोधू लागतात.

नावाची पाटी तेव्हा करावी. ती झाडाला खिळ्याने ठोकू नये, तारेने बांधू नये. चार-पाच फुटांवर एक दगड उभा करून त्यावर नाव कोरावे. त्याच दिवशी काठी आणि सुतळी काढून टाकावी, आणि जाळी लावलेली असेल तर ती सालीत रुतण्याआधी कापून घ्यावी.

आपले,
रोपवाटिका व वृक्षसंगोपनाचे काम करणारे काही वाचक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव